पाण्याची रेघ

आमच्या दिवाणखान्यातल्या फडताळावर वीतभर उंचीचे एक काळे मडके आहे. त्याच्या पोटावर, बुडापासून साधारण चार बोटे वर, एक फिकट रेघ सबंध गोल फिरलेली दिसते. रेघेच्या वरचा भाग इतका तुळतुळीत आहे की समोरच्या खिडकीची चौकट त्यात वाकून उमटते; खालचा भाग मात्र ओल्या बोळ्याने पुसून वाळलेल्या पाटीसारखा राखट पडला आहे. ही नक्षी आहे का, असे पाहुणे विचारतात. कधीकधी मी हो म्हणून मोकळी होते. खरे तर ती माझ्या अडाणीपणाची खूण आहे.

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्कीला राहायला आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, ऑगस्टमध्ये, आम्ही सांता फेच्या इंडियन मार्केटला गेलो होतो. (हे नाव ऐकून पुण्यातल्या माझ्या बहिणीने ‘मग गवार, कढीपत्ता सगळे मिळते का तिथे?’ असे विचारले होते. कोलंबसाने घातलेला घोळ आमच्या घरात अजूनही असा अधूनमधून उगवतो.) सांता फेच्या जुन्या चौकात भरणारा, १९२२मध्ये सुरू झालेला हा आदिवासी कलावंतांचा बाजार. तिथे सांता क्लारा या गावच्या एका बाईंच्या मांडवात हे मडके दिसले. अंगावर कुठेही रंग नाही, फक्त खांद्याशी अस्वलाच्या पंजाचा खोलगट ठसा. किंमत ऐकून नवरा दोन मिनिटे काही बोलला नाही, आणि तरीही आम्ही ते घेतले. दोन महिन्यांनी नवरात्र आले. घासूनपुसून ठेवलेला तांब्या तयार होता, पण मातीचा घट घरात असताना तांब्या कशाला, असे मनात आले. मडक्यात पाणी भरले, सुपारी-नाणे टाकले, पाच पाने लावली आणि घट बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर दर्शन घेतले. “काळा घट कुठे पाहिला नव्हता ग बाई,” त्या म्हणाल्या, “पण देवीला चालला तर आपल्याला काय. ती खाली ओल कसली दिसते?” पाटावर चंद्रकोरीच्या आकाराची ओल उतरली होती. घाईघाईने पाणी काढले, मडके पुसून सावलीत ठेवले, पण पाणी जिथवर होते तिथवरची सारी चमक संध्याकाळपर्यंत विझून गेली, आणि ती पुन्हा आली नाही.

दोष सर्वस्वी माझा होता. मी जिला झिलई समजले होते ती झिलई नव्हतीच. या मडक्यांवर काचेचा थर नसतो. कच्च्या मडक्यावर तांबड्या मातीचा पातळ लेप देतात, आपल्याकडे घराला कावेचा हात देतात तसा, आणि तो ओला असतानाच गुळगुळीत दगडाने घोटतात. एवढीच ती चमक. शिवाय हे मडके उघड्यावरच्या जाळात साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेले असते, आणि तेवढ्या उष्णतेत मातीचे कण एकमेकांत वितळून घट्ट होत नाहीत. पाणी आतून हळूहळू झिरपत बाहेर येते. आपल्या माठातले पाणी ज्या गुणामुळे गार होते तोच हा गुण. माठाला गमावण्यासारखी चमक नसते, इतकाच फरक.

पुढे या मडक्यांविषयी मिळेल ते वाचू लागले, संग्रहालयांच्या खेपा घालू लागले, आणि त्या बाईंच्या मांडवाशी दरवर्षी जाऊन उभी राहू लागले. रेघेविषयी त्यांना सांगायचे धाडस मात्र कितीतरी वर्षे झाले नाही.

ही मडकी घडवणाऱ्या लोकांना प्वेब्लो म्हणतात. हा शब्द स्पॅनिश, आणि त्याचा अर्थ केवळ ‘गाव’. सोळाव्या शतकात वर आलेल्या स्पॅनिश लोकांनी इथे मातीची मजलेदार घरे बांधून, मका पिकवून राहणारे लोक पाहिले आणि त्यांना हे सरसकट नाव देऊन टाकले. आज न्यू मेक्सिकोत अशी १९ गावे आहेत आणि पश्चिमेला ॲरिझोनात होपी लोकांची वस्ती आहे. या गावांच्या भाषा अनेक, त्यांतल्या काही तर एकमेकींना अजिबात न कळणाऱ्या. सांता क्लाराचे त्यांच्या तेवा भाषेतले नाव खापो ओविंगे. मडकी इथे हजार वर्षांहून अधिक काळ होत आली आहेत, आणि ती पाणी आणायला, धान्य साठवायला, घेवडा शिजवायलाच होत होती. अकोमा हे गाव सुमारे ११० मीटर उंच कड्याच्या माथ्यावर वसलेले. तिथल्या बाया डोक्यावर पाण्याची मडकी घेऊन निघालेल्या जुन्या छायाचित्रांत दिसतात. मग १८८०मध्ये या मुलखात रेल्वे आली आणि तिच्यातून दोन गोष्टी उतरल्या. पत्र्याची आणि एनॅमलची भांडी उतरली, त्यामुळे घरातल्या मडक्याचे काम संपत आले; आणि प्रवासी उतरले, ज्यांना आठवण म्हणून काहीतरी न्यायचे होते. घागर लहान होत होत पेटीत मावेल एवढी झाली. माझे वीतभर मडके त्याच वंशावळीतले आहे, आणि त्यात पाणी भरायचे नसते हे त्याच्या जन्माआधीच ठरून गेले होते.

मातीविषयी त्या बाई मोकळेपणाने बोलतात, पण ती नेमकी कुठून खणून आणतात हे सांगत नाहीत, आणि मीही विचारत नाही. खणण्याआधी मक्याचे पीठ वाहायचे आणि मातीला आई म्हणून हाक मारून लागेल तेवढेच मागायचे, एवढे त्यांनी सांगितले. घरी आणलेली माती वाळवून, भिजवून, गाळून तिच्यात ज्वालामुखीची बारीक राख मिसळतात आणि पायांनी तुडवतात. नुसती चिकण माती वाळताना आकसते आणि जाळात तडकते. तिला मोकळी करणारे काहीतरी लागतेच, आणि ते काहीतरी गावागावाचे वेगळे आहे. झिया गावात काळ्या दगडाची भुकटी घालतात. ताओस आणि पिकुरिस इथल्या मातीत अभ्रक आधीपासूनच असते, म्हणून तिथली भांडी चुलीवर चढतात आणि न रंगवताही अंगभर लुकलुकतात. अकोमात जुन्या मडक्यांची खापरे पाट्यावर वाटून नव्या मातीत मिसळतात. त्या खापरांमध्ये त्यांच्याही आधीच्या खापरांची भुकटी असते, म्हणजे आज लावलेल्या मडक्यात किती पिढ्यांची मडकी आहेत हे कुणालाच मोजता येणार नाही. अकोमाच्या ल्यूसी लुइस यांची, पांढऱ्या अंगावर केसासारख्या बारीक काळ्या रेघा ओढलेली मडकी मी काचेपलीकडून पाहिली आहेत. त्या रेघा युक्का या तिथल्या झुडपाच्या पानाचे टोक चावून केलेल्या कुंचल्याने ओढतात, हे कळल्यावर पुन्हा मागे फिरून पाहिली.

चाक इथे नाही. स्पॅनिश लोकांनी चाकावरची भांडी दाखवल्यालाही चारशे वर्षे होऊन गेली, तरी या गावांनी ते घेतले नाही. पुकी नावाच्या उथळ परळात मातीची भाकरी थापून बूड बसवायचे, मग तळहाताखाली लांब वळ्या वळून त्या एकावर एक चढवायच्या, चिमटीने जोडायच्या आणि सुक्या भोपळ्याच्या तुकड्याने आतून-बाहेरून खरवडत भिंत पातळ करत न्यायची. हे पाहताना मला आमच्या गावचा कुंभारवाडा आठवला. तिथे चाक पुरुषाचे. बायकांनी माती तुडवायची, मडकी वाळत घालायची, आवा रचायला हातभार लावायचा, पण चाकाला हात लावायचा नाही. इथे मडके ही प्रामुख्याने बायकांची विद्या आहे, आईकडून आणि मावशीकडून आलेली, आणि पुरुष पूर्वी बहुधा नक्षी काढायला किंवा सरपण जमवायला मदतीला येत. आता पुरुषही मडकी घडवतात, आणि नामांकितही होतात. चाक नसल्यामुळे मडके बायकांच्या हाती राहिले, की बायकांच्या हाती होते म्हणून चाक आले नाही, यावर मी बराच विचार केला आहे आणि तो कुठेही पोचलेला नाही.

घोटणे मात्र मी जवळून पाहिले. मार्चमधल्या एका दुपारी बाईंनी घरी बोलावले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल पसरलेला, त्यावर भुरक्या रंगाचे कच्चे मडके, वाटीत कावेसारखा लेप आणि बाजूला एका मोज्यात गुंडाळलेले दगड. त्यांतला एक, चिकूच्या बीपेक्षा थोडा मोठा, त्यांनी माझ्या हातावर ठेवला. त्यांच्या आजीचा दगड. त्याची एक बाजू इतक्या वर्षांच्या घोटण्याने सपाट झाली होती आणि अंगठा बसेल असा खळगा दुसऱ्या बाजूला पडला होता. माझा अंगठा त्यात नीट बसला नाही. मग त्यांनी फोन बंद केला, नातीला बाहेर पाठवले आणि कपड्याच्या बोळ्याने लेप द्यायला सुरुवात केली. लेप ओलसर आहे तोवरच दगड चालवायचा असतो. एकदा सुरू केले की मध्ये उठायचे नाही. लेप अर्ध्यावर वाळला तर सगळे खरवडून पुन्हा पहिल्यापासून. पहिल्यांदा दगड ओरखडे पाडतो असे वाटते, मग हळूहळू रेषा एकमेकींत मिसळतात आणि कधीतरी, नेमका क्षण सांगता येत नाही, मडक्याच्या अंगावर छताचा दिवा दिसायला लागतो. दोन-अडीच तास त्या एक शब्द बोलल्या नाहीत. नात एकदा दारातून डोकावली आणि माझ्याकडे पाहून तोंडावर बोट ठेवून गेली.

त्यानंतर दोन महिन्यांनी भाजणी होती. त्या दिवशी छायाचित्रे काढायची नाहीत असे त्यांनी आधीच बजावले होते, त्यामुळे जे सांगते आहे ते आठवणीतून. पहाटे साडेपाचला आम्ही पोचलो, कारण सूर्य वर आला की नदीकडून वारा सुटतो, आणि वारा हा भाजणीचा सगळ्यात मोठा वैरी. ज्वाळा एका अंगाला झुकली की मडक्याचे ते अंग आधी तापते आणि तडकते. मडकी रात्रभर स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये मंद उबेला ठेवलेली होती. ओव्हनचा या कामी उपयोग करायला त्यांना काहीच संकोच वाटत नाही, आणि हे मला फार आवडले. अंगणात चार दगडांवर लोखंडी जाळी, जाळीखाली सीडरच्या ढलप्या, जाळीवर पाच मडकी उपडी, त्यांच्या भोवतीने आणि वरून पत्रे. पत्र्यांमध्ये गाडीच्या जुन्या नंबरपाट्याही होत्या. न्यू मेक्सिकोच्या पिवळ्या पाटीवर लाल सूर्य असतो, तो मुळात झिया गावच्या मडक्यावरचा. १९२५मध्ये राज्याने तो आपल्या झेंड्यावर घेतला आणि तिथून तो पाट्यांवर आला. मडक्यावरून निघालेला तो सूर्य आता मडक्यांना ज्वाळेपासून आडोसा देत होता. बाईंना मी हे बोलून दाखवले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “ती पाटी जाड आहे म्हणून ठेवली आहे.”

पत्र्यांच्या भोवती रचल्या त्या रानशेण्या. थापलेल्या गोवऱ्या नव्हेत, तर कुरणात पडल्या जागी वाळलेल्या, सपाट आणि हलक्या. गुरे आणि मेंढ्या या मुलखात स्पॅनिश लोकांबरोबर आल्या, त्याआधी भाजणी लाकडावर, आणि होपींच्या भागात दगडी कोळशावरही होत असे. म्हणजे आज आपण ज्याला पारंपरिक इंधन म्हणतो ते इथे परदेशातून आलेले आहे. धूर वर चढला आणि मला सांगलीकडच्या आजोळच्या परड्याचा वास आला. हा वास नऊ हजार मैलांवर सारखाच असेल असे का कोण जाणे मला वाटले नव्हते.

पाऊणएक तास जाळ होता. पत्र्यांच्या फटींतून आतली मडकी मंद लाल दिसायला लागली, तशा बाई उठल्या. त्यांचा मुलगा फावडे घेऊन तयारच होता. घोड्याच्या लिदीची बारीक केलेली भुकटी त्या दोघांनी भराभर जाळावर लोटली, इतकी की ज्वाळा पार दबून गेल्या आणि अंगणात एक दाट, पांढरट-पिवळा धुराचा ढीग तेवढा उरला. काळेपणाची सारी किमया या काही मिनिटांत होते. मातीत आणि लेपात लोह असते. हवा मिळत राहिली तर मडके तांबडे निघते, हवा तोडली तर जाळ मडक्यातलाच प्राणवायू ओढून घेतो, लोह काळे पडते आणि धुरातला कार्बन मातीच्या रंध्रांत जाऊन बसतो. तांबडे आणि काळे मडके एकाच मातीचे, एकाच लेपाचे असते. लिदीच्या ढिगाऱ्याला कुठे भोक पडले आणि धूर पिचकारीसारखा बाहेर येऊ लागला की बाई त्यावर फावडे आपटत, कारण त्या भोकातून आत गेलेली हवा मडक्यावर करडा डाग पाडते. मी एका बाजूला उभी राहून नुसती भोके दाखवत होते. तेवढेच माझे त्या भाजणीतले काम.

ढीग तसाच धुमसत असताना आतून आवाज आला. फुटाणा फुटावा तसा, पण जड. मुलाने आईकडे पाहिले. आईने ढिगाऱ्याकडे पाहिले आणि फावडे चालूच ठेवले. तासाभराने राख बाजूला करून मडकी सळईने बाहेर काढली तेव्हा चार काळीशार होती, आणि पाचव्याच्या पोटावरून रुपयाएवढा पापुद्रा उडालेला होता. आत कुठेतरी ओल राहिली असेल, किंवा हवेचा बुडबुडा. त्याच मडक्याच्या घोटण्याला मी मार्चमध्ये बसले होते. बाईंनी ते फडक्याने पुसले, तो खळगा बोटाने चाचपला, आणि भिंतीशी ठेवलेल्या खोक्यात, आधीच्या फुटक्या मडक्यांशेजारी ठेवून दिले.

विजेच्या भट्टीत हे झाले नसते, असे तेव्हा माझ्या मनात आले आणि परतीच्या वाटेवर नवऱ्याने ते बोलूनही दाखवले. हा प्रश्न इथे नवा नाही. भट्टी स्वस्त आहे, घरात बसते, तिचे तापमान ठरवता येते, आणि अनेक कुंभारणी, विशेषतः पांढऱ्या मडक्यांच्या गावांत, ती वापरतात. त्यांना कमी लेखण्याचे मला काही कारण दिसत नाही. पण साच्यात ओतलेली, दुकानातून विकत आणून नुसती रंगवलेली आणि भट्टीत भाजलेली भांडीही रस्त्याकाठच्या दुकानांत ‘आदिवासी कला’ म्हणून रचलेली असतात, आणि अनभिज्ञ गिऱ्हाइकाला दोन्ही सारखीच दिसतात. आदिवासींनी न केलेला माल त्यांचा म्हणून विकणे १९९०च्या संघराज्य कायद्याने गुन्हा ठरवले आहे, पण खऱ्या कुंभारणीने साच्यातले भांडे रंगवले तर तो कायदा काय करणार? बाईंना मी एकदा सरळच विचारले, की भट्टी का घेत नाही. त्यांनी आधी व्यवहाराचे कारण दिले: काळा रंग लिदीच्या धुरातून येतो, भट्टीत तो यायचा कसा, आणि तापमान वर गेले की घोटाई मरते. मग थोडे थांबून म्हणाल्या, “शिवाय पहाटे उठून वारा बघायची सवय जाईल.”

पारंपरिक हा शब्द आपण किती ढिलाईने वापरतो ते मला याच मडक्यांनी शिकवले. काळ्या मडक्यांचे जगभर नाव झाले ते सांता क्लाराशेजारच्या सान इल्डेफोन्सो गावच्या मारिया मार्टिनेझ (१८८७–१९८०) यांच्यामुळे. १९०८च्या सुमारास पाहारितो पठारावर पुरातत्त्वज्ञ एडगर ह्यूएट यांचे उत्खनन चालू होते. मारियाचे पती हुलियन तिथे मजुरीला होते, आणि सापडलेल्या जुन्या खापरांसारखी भांडी करता येतील का, असे ह्यूएट यांनी या जोडप्याला विचारले. मारिया घडवीत आणि घोटीत, हुलियन नक्षी काढीत. तुळतुळीत काळ्या मडक्याची कला सांता क्लारात आधीपासूनच जिवंत होती. या दोघांनी १९१९–२०च्या सुमारास साधले ते वेगळेच होते: घोटलेल्या अंगावर हुलियन यांनी पातळ मातीने नक्षी काढली, आणि भाजल्यावर चकचकीत काळ्यावर मंद काळी नक्षी उमटली. पाण्याचा शिंगाळा साप अवान्यू त्यांनी अशाच रीतीने मडक्याच्या खांद्याभोवती वळवला. आज कुठल्याही दुकानात ‘प्राचीन शैली’ म्हणून जे दाखवतात ते माझ्या पणजीच्या वयाचे आहे. पश्चिमेला होपी-तेवा कुंभारीण नांपेयो हिने सिक्यात्की या उजाड गावाच्या जुन्या खापरांवरून नवी मडकी घडवली. तिथे १८९५मध्ये जेसी फ्यूक्स यांनी उत्खनन केले होते. कोचिती गावच्या हेलन कोर्डेरो यांनी अंगाखांद्यावर नातवंडे घेऊन गोष्ट सांगणाऱ्या आजोबांची मातीची बाहुली पहिल्यांदा केली ती १९६४मध्ये, आणि आता ती परंपरा म्हणून गावोगावी होते. आकार बदलला, नक्षी बदलली, गिऱ्हाईक तर मुळापासून बदलले. बदलले नाही ते मातीपाशी जाणे, वळ्या चढवणे, दगड, आणि उघड्यावरचा जाळ.

सहीची गोष्टही इथेच सांगायला हवी, कारण ती वाचून मी बराच वेळ हसत होते आणि नंतर हसू ओसरले. १९२०च्या दशकात विक्रेत्यांनी मारियाला मडक्याच्या बुडाशी नाव घालायला सांगितले, कारण नावाला किंमत येते. तिने घातले. मग गावातल्या इतर बायांनी, आमच्या मडक्यालाही किंमत येऊ दे म्हणून, आपली मडकी पुढे केली, आणि तिने त्यांच्याही बुडाशी आपले नाव घातले. संग्रहालयवाल्यांना हे कळले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. मारियाच्या लेखी त्यात फसवणूक काय होती? माती एका जागची, जाळ एका अंगणातला, आणि नावामुळे पैसे येत असतील तर ते गावात का येऊ नयेत.

आजच्या कलावंतांकडे पाहिले की हाच प्रश्न वेगळ्या कपड्यांत उभा राहतो. कोचितीचे व्हर्जिल ऑर्टिझ १६८०मध्ये प्वेब्लो लोकांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध केलेला उठाव २१८०मध्ये नेऊन त्यातले योद्धे आणि अंतराळवीर घडवतात, आणि घडवतात ते गावच्या मातीतून. सांता क्लाराच्या रोझ सिम्पसन यांनी १९८५ची एक शेव्हरोले एल कमिनो गाडी काळ्यावर काळ्या नक्षीने रंगवली आणि तिचे नाव ठेवले मारिया. त्या गाडीत मातीचा कणही नाही. काही जाणकार त्यामुळे नाराज झाले असतील; मला तर ती गाडी पाहून हुलियन यांची आठवण झाली, कारण त्यांनीही हाताशी आलेल्या नव्या अंगावर जुना साप वळवला होता.

२०२२मध्ये सांता फेच्या संग्रहालयात ‘ग्राउंडेड इन क्ले’ हे प्रदर्शन भरले होते. त्यातली मडकी निवडली आणि त्यांच्याविषयीचा मजकूर लिहिला तो प्वेब्लो समाजातल्याच साठाहून अधिक माणसांनी. एरवी संग्रहालयातल्या पाटीवर गाव, अंदाजे साल आणि ‘कुंभारीण अज्ञात’ एवढेच असते. इथे कुणी लिहिले होते की या मडक्याचा काठ आमच्या आजीच्या मडक्यासारखा आहे, कुणी लिहिले होते की हे इथे काचेत एकटे पडले आहे. मडक्याला एकटे वाटते, असे गंभीरपणे लिहिलेले वाक्य संग्रहालयाच्या भिंतीवर मी त्याआधी वाचले नव्हते. त्या दिवशी घरी येऊन मी आमच्या फडताळावरचे मडके खाली उतरवले आणि फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवले.

पुढच्या रविवारी ते घेऊन बाईंकडे गेले. नवरात्राचे, घटाचे, पाटावरच्या ओलीचे सगळे सांगितले. पुन्हा घोटता येईल का, असेही विचारले, उत्तर ठाऊक असूनही. त्या मान हलवून नाही म्हणाल्या. एकदा जाळात गेले की दगडाचे काम संपते. मग त्यांनी मडके चष्म्याजवळ नेले, रेघेवरून अंगठा सबंध गोल फिरवला, आत नाक घालून वास घेतला. अस्वलाच्या पंजावर बोट ठेवून विचारले, “हा कशासाठी असतो, ठाऊक आहे का?” ठाऊक होते. दुष्काळात अस्वलाच्या मागोमाग जाऊन लोकांना पाणी सापडले, अशी सांता क्लाराची गोष्ट आहे. मार्गारेट तफोया (१९०४–२००१) यांच्या कंबरेएवढ्या थोर मडक्यांवर हा पंजा सर्वत्र दिसतो. मी ते सांगितल्यावर त्या हसू लागल्या, खूप वेळ हसत राहिल्या, आणि आतल्या खोलीतल्या मुलाला हाक मारून त्यांनी तेवामध्ये काहीतरी सांगितले. तोही हसत बाहेर आला.

“किती दिवस ठेवले होतेस पाणी?” त्यांनी विचारले.

“एक रात्र.”

“एका रात्रीत एवढेच झिरपले?” त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, “बघ, भिंत चांगली झाली होती.”

मडके त्यांनी टेबलावर ठेवले, आणि ती रेघ लपवायचा काहीही प्रयत्न न करता, अगदी पुढे.